तक्रार: घुमणारा आवाज कमी करणारा फोम ‘साउंडप्रूफिंग’ म्हणून विकल्याबाबत

दिनांक: 7 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: मुळशी तालुक्यातील लाकडी घराचे साउंडप्रूफिंग निरुपयोगी ठरल्याबद्दल

महोदय,

ताम्हिणीच्या अलीकडे आमचे पाइनच्या ओंडक्यांचे घर आहे. शनिवार आला की समोरच्या रिसॉर्टमध्ये डीजे लागतो आणि पावसाळ्यात पत्र्यावर असा मारा होतो की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावे लागते. या दोन त्रासांसाठी मी आपल्या प्रतिनिधींना बोलावले, तिसऱ्या कशासाठीही नाही. त्यांनी घर पाहिले, दिवाणखान्यात एक टाळी वाजवली आणि ‘कम्प्लीट साउंडप्रूफ पॅकेज’चे 1,86,000 रुपयांचे कोटेशन दिले. 14 मार्चला काम संपले, त्याच दिवशी सगळे पैसे चुकते केले.

काम म्हणजे दोन भिंतींना आणि छताच्या उताराला आतून चिकटवलेला एक इंची फोम. आता टाळी घुमत नाही, हे खरे. आईला कानाचे यंत्र आहे. पूर्वी चौघे एकदम बोलले की तिला नुसता गलका ऐकू येई, आता शब्द कळतात. तेवढे श्रेय आपले. (कामाआधी मी माळ्याच्या कठड्यावर चार गोधड्या टाकून पाहिल्या होत्या, तेव्हाही बराच फरक पडला होता. गोधड्या घरच्याच.)

डीजे मात्र जसाच्या तसा. कामाआधी मोबाईलच्या अ‍ॅपवर 54 डेसिबल, कामानंतर 53. अ‍ॅप म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, मान्य. पण फोन तोच, खुर्ची तीच आणि दुर्दैवाने गाणीही तीच.

असे का झाले, ते तुमच्या माणसांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. फोम खोलीतल्या खोलीत आपटून परतणारा आवाज शोषतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजलेल्या लागतात. भिंतीचे वजन दुप्पट केले तर ढोबळमानाने 6 डेसिबल कमी होतात. आमच्या सहा इंची पाइनच्या भिंतीचे वजन चौरस मीटरला 70 किलोच्या आसपास आहे. तुमच्या फोमने त्यात किलोभराचीही भर पडली नाही.

आणि फटींना तर कोणी हातच लावला नाही. ओंडका वाळताना जाडीत आकसतो, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे आडवे सांधे उघडे पडतात. एप्रिलमध्ये मी पेटती उदबत्ती घेऊन भिंतीलगत फिरलो. खिडकीच्या चौकटीवर आणि उत्तरेच्या कोपऱ्यात धूर सरळ वर न जाता आत वळत होता. जिथून वारा येतो तिथून आवाजही येतो. भिंतीची 1 टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी ती भिंत ओंडक्यांची असो की किल्ल्याच्या तटाची, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवत नाही. तुम्ही त्या फटींवरच फोम चिकटवून मोकळे झालात.

छताचेही तेच. पावसाचा आवाज थेंबांनी पत्रा थरथरल्यामुळे होतो. तो पत्र्याखालीच दाबायला हवा: पत्र्याला चिकटणारा जड थर, त्याखाली रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) आणि पत्र्याच्या सांगाड्याला घट्ट न आवळलेले छत. खालून लावलेल्या फोमचा तिथे उपयोग नाही. यावर तुमच्या माणसाचे उत्तर होते, “काका, लाकडाचं घर आहे, एवढं चालायचंच,” आणि लगेच आणखी दोन इंच फोमचे 92,000 रुपयांचे कोटेशन!

शिवाय हा फोम आगीला दाद देत नाही, असे तोंडी सांगितले होते. लाकडी घरात ही लहान गोष्ट नव्हे. त्याचे प्रमाणपत्र ईमेलवर दोनदा मागितले, अजून मिळालेले नाही.

बिलात छताचे 1,20,000 रुपये वेगळे दाखवले आहेत; ते परत करावेत. भिंतींवरच्या फोमचे पैसे मी मागत नाही, आईसाठी तो राहू द्या. मात्र प्रमाणपत्र द्यावे, नाहीतर तोही स्वखर्चाने काढून न्यावा. त्या भिंतींचे सांधे लवचीक सीलंटने बुजवून द्यावेत. पुट्टी नको, आमच्या सुताराने गेल्या वर्षी भरलेली पुट्टी दिवाळीपर्यंत तडकली.

30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. आपले कार्यालय मुंबईत असले, तरी 2019 च्या कायद्यानुसार मी राहतो त्या पुणे जिल्ह्यात दावा लावता येतो.

रात्री दहानंतरच्या डीजेचे मी पोलिसांशी बघून घेईन, ते आपले काम नाही. पाहणीला माणूस मात्र शनिवारी रात्री आठनंतर पाठवावा. 24 जूनला आलेले गृहस्थ मंगळवारी सकाळी, पाऊस उघडलेला असताना आले आणि मलाच विचारू लागले, “आवाज कुठाय?”

आपला,
मुळशीचा ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही कोटेशन, अ‍ॅपवरील नोंदींची छायाचित्रे