स्लॅब रात्री, मीटिंग सकाळी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चतुर्थी तोंडावर आली की आखातात बांधकामांवर इंजिनियर असलेल्या आमच्या साखळी गावच्या मुलांचे फोन वाढतात. रजा मंजूर झाली नाही, झालेली रद्द झाली, गणपतीवरची फळापानांची माटोळी यंदा काकांनाच बांधायला सांगा. मस्कत, अबुधाबी आणि दोहा इथल्या साइटवर उमेदीची वर्षे काढून मी परतलो. त्यामुळे आईवडिलांशी बोलत नाहीत ते ही मुले माझ्याशी बोलतात. गावात मात्र एकच प्रश्न: दिरहमात पगार घेणाऱ्याला कसला आलाय ताण?

कसला ते सांगतो.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला तिकडे कायद्याने बंदी आहे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन. कतारमध्ये 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी दहा ते साडेतीन. कामगारांसाठी हा कायदा हवाच. पण कामगार सावलीत गेले की इंजिनियरची पोर्टा केबिन, म्हणजे साइटवरचे तात्पुरते ऑफिस, सुरू होते. मालकाच्या वतीने काम तपासणाऱ्या कन्सल्टंटबरोबर बैठक, नापास झालेल्या कामांचे खुलासे, उद्याच्या तपासणीचे अर्ज, सगळे याच वेळात उरकायचे. आणि काँक्रीट रात्री. ते 32 अंशांपेक्षा गरम चालणार नाही अशी अट तिथल्या बऱ्याच कंत्राटांत असते. म्हणून मिश्रणात बर्फ घालायचा आणि सूर्य बुडाल्यावर स्लॅब भरायला घ्यायचा.

रात्री दीडला कन्सल्टंटचा माणूस मिक्सरमधून पडलेल्या काँक्रीटमध्ये थर्मामीटर खुपसतो. 33. गाडी परत. पुढची गाडी रस्त्यात अडकलेली, प्लांटवाला फोन उचलत नाही आणि इकडे आधी पडलेला थर आवळू लागलेला. त्यावर उशिरा नवा माल पडला की कोल्ड जॉइंट, म्हणजे स्लॅबमध्ये कायमची कच्ची रेघ. थांबायचे की पुढे जायचे, हे ठरवायला त्या घटकेला साइटवर असतो एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. सकाळी सातच्या मीटिंगला त्यालाच विचारतात, प्रोग्रॅम, म्हणजे कामाचे वेळापत्रक, मागे का? उशिराच्या प्रत्येक दिवसाला कंत्राटात दंड लिहिलेला असतो, आणि त्याचा धाक वरून खाली झिरपत शेवटी त्याच्यावरच येतो. नाही म्हणण्याची सोय नाही. राहण्याचा व्हिसा नोकरीवर, घरभाडे आणि गाडीचा हप्ता पगारावर.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे सुट्टीच्या दिवशी ताणमुक्तीचा वेबिनार, वर हजेरी सक्तीची! योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालतो. पण ज्याची झोप पुरी झालेली नाही त्याला श्वास मोजायला सांगण्यात काय हशील? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामापायी माणूस पार थकून जाण्याची, जी व्याख्या केली, तीत कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळलेल्या ताणाकडेच बोट दाखवले आहे. तेव्हा हात घालायचा तर कामाच्या आखणीत घालावा लागेल.

हे होऊ शकते, मी पाहिले आहे. दोह्याला आमचा प्रोजेक्ट मॅनेजर इजिप्तचा, तोंडाचा फटकळ. पण रात्री स्लॅबवर उभा राहिलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी फोन करायचा नाही, हा त्याचा दंडक होता. रात्रीचा सगळा हिशेब रजिस्टरमध्ये लिहून दुसऱ्या इंजिनियरच्या हाती द्यायचा, साइटचा मोबाइलही त्याच्याकडेच. वर्षाच्या सुरुवातीला बार चार्टमध्ये, म्हणजे वेळापत्रकाच्या तक्त्यात, कामांसोबत माणसांच्या रजाही रंगवलेल्या असत, त्यामुळे माझी चतुर्थीची तारीख क्लायंटलाही ठाऊक असे. काम अडले नाही. असे मॅनेजर थोडे, हेही खरे.

घरच्यांनाही एक सांगणे आहे. आपली रात्रीची जेवणे आटोपतात तेव्हा दुबईत साडेसात-आठ वाजलेले असतात आणि काँक्रीटचा पंप लावायची गडबड चालू असते. कौले गळतात, जमिनीचे म्युटेशन (नावनोंदणी) अडकले, भाचीच्या फीचे काय, हे नेमके तेव्हाच विचारू नये. शिवाय प्रत्येक निर्णय त्यानेच घ्यावा असेही नाही. कौले शाकारायला इथला भाऊ पुरेसा आहे.

अमिरातीतल्या मुलांनी 800 46342 हा नंबर जवळ ठेवावा. भारतीय दूतावासाच्या प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राची ही टोल फ्री लाइन चोवीस तास चालते. पण मन मोकळे करायचे तर समोरचा आपल्या भाषेत बोलणारा हवा. आपल्या गोवा सरकारचे अनिवासी भारतीयांसाठी आयुक्तालय आहे, बांबोळीला मनोविकार संस्था आहे. 1996 पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने तर साध्या माणसांना शिकवून समुपदेशक म्हणून उभे करून दाखवले आहे. या तिघांनी मिळून कोकणी-मराठीत बोलणारी एक फोनलाइन सुरू करावी, आणि ती सरकारी वेळेत नव्हे, तर तिकडच्या रात्रीच्या वेळेत उघडी ठेवावी. फोनवर बसायला साखळी-डिचोलीतच आखातातून परतलेली तीन-चार माणसे मिळतील, त्यात मी एक. मानधन नको, शिकवण्याची सोय तेवढी करा.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनियर,
साखळी, गोवा