चिकूला पाळणाघरात घातलंय

आई, बाबा,

फोनवर विषय निघाला की आई रडायला लागते आणि मग मलाही बोलता येत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

सोमवारपासून चिकू पाळणाघरात जाणार. फी भरून झालीये. सोसायटीच्या मागच्याच गल्लीत आहे, बाई प्रेमळ आहेत, दुपारी गरम वरणभात देतात आणि मला ऑफिसातून निघाल्यावर वाकड ते सदाशिव पेठ ते परत वाकड असं करावं लागणार नाही. हे त्या गुरुवारी तुमच्याकडे चिकू चहाने भाजला त्यामुळे नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण आईचे गुडघे मी दिवाळीपासून बघतेय, बाबांची अँजिओप्लास्टी होऊन वर्षही नाही झालं, आणि हे कार्टं आता चालत नाही, पळतं! शनिवार-रविवार तो तुमच्याकडेच. त्याची गादी, वाटी, तो चेपलेला डबा, काही हलवू नका.

तो कप माझ्याकडूनही सांडला असता, खरंच. टीपॉयवरचा क्रोशाचा रुमाल खाली लोंबत होता, त्याने ओढला, झालं. पोरांची कातडी पातळ असते, आपल्याला नुसता चटका बसेल तिथे त्यांना फोड येतात. आणि चहा कपात ओतून दहा-पंधरा मिनिटं झाली तरी त्यांना भाजण्याइतका गरम असतो.

आई, टूथपेस्टचं मनाला लावून घेऊ नकोस. मला बंबाचा चटका बसला तेव्हा तू शाई लावली होतीस आणि रात्रभर मांडीवर घेऊन फुंकर घालत बसली होतीस, दादाला शेजारी झोपायला पाठवून. कोपरावर डाग आहे अजून. पण आता पेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ काही म्हणजे काही लावायचं नाही. थेट नळाखाली धरायचं, गार वाहत्या पाण्यात, घड्याळ लावून 20 मिनिटं, तो कितीही किंचाळला तरी. मी पोचले तेव्हा पाऊण तास झाला होता, तरी डॉक्टर फोनवर म्हणाले की पेस्ट धुवा आणि आत्तासुद्धा नळाखाली धरा, तीन तासांपर्यंत उपयोग होतो. तेवढ्यात ओले कपडे, डायपर, वाळे काढून टाकायचे, कारण गरम चहा कपड्यात धरून राहतो आणि नंतर सूज येते. कातडीला चिकटलेलं मात्र ओढायचं नाही. भाजलेला भाग सोडून बाकी अंग पांघरुणात, नाहीतर पोर गारठतं. मग जखमेवर धुतलेलं सुती फडकं सैलसर. फोड फोडायचे नाहीत. तोंड, हात, पाय, शूची जागा भाजली किंवा त्याच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं तर सरळ हॉस्पिटल, रिक्षा मिळाली नाही तर 108. मला फोन नंतर.

आता घरातलं. गीझर मी येऊन 50 अंशांवर आणणार आहे. बाबा, तुम्हाला गार वाटेल माहितीये, पण 60 च्या पाण्याने लहान मुलाला क्षणात खोल भाजतं. तुमच्या आंघोळीला विसाण थोडं कमी घाला, तेवढंच कढत मिळेल. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. त्याला बादलीपाशी सोडून टॉवेल आणायला जायचं नाही. पाणी तापवायचा रॉड माळ्यावर. कुकर, दूध मागच्या शेगडीवर, कढईचा दांडा आत. आणि चिकू मांडीवर असताना चहा प्यायचा नाही, एवढं बाबांसाठी. तुमचा साडेचारचा चहा बंद नाही करत आहे मी! तो खेळत असेल तेव्हा ओट्यापाशी उभ्याने घ्या, नाहीतर आईने त्याला धरायचं.

हाताची खपली निघाली काल, खाली गुलाबी कातडी आलीये. मांडीवरचंही सुकलं. "आजी बू" म्हणत कपाकडे बोट दाखवतो.

शनिवारी सकाळी येते. टीपॉय मी गच्चीत नेऊन ठेवीन, बाबा तुम्ही उचलायचा नाही, आणि आई, क्रोशाचा रुमाल टाकू नकोस, मला दे.

तुमची,
छकुली