तांबडी पगडी काळी का दिसते

नाशिक, श्रावण

प्रिय बंड्या,

उशिराबद्दलच्या शिव्या फोनवर घाल, इथे जागा कमी आहे. तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, साखर जिथल्या तिथे.

वाडा जातोय. सह्या झाल्या, दिवाळीनंतर खाली करायचा. हे नंद्याने तुला सांगितलंच असेल, आणि पत्र त्यासाठी नाहीच. आक्काला निघण्याआधी ओसरीवर बसून एक फोटो काढून हवाय, आणि तो नव्या फ्लॅटमध्ये आजोबांच्या फोटोशेजारी लागणार. "शेजारी उपरा दिसता कामा नये" ही अट. दोन हजारांच्या वर खर्च नको हे फर्मान. नंद्याच्या पोराने मोबाइलवर बटण दाबून, पिवळा करून, वर ओरखडे टाकून दाखवला. आक्का म्हणाली, "मला कावीळ झाली काय रे?" हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

पिवळेपणा ही सगळ्यात शेवटची गोष्ट. आजोबांच्या फोटोतली पगडी आठव: काळी ठिक्कर. आक्का शपथेवर सांगते की ती तांबडी होती, आणि खरंच सांगते. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नसे. निळा तेवढा भरभरून दिसायचा, म्हणून आभाळ पांढरंफटक, कुंकू काळं आणि चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती ठसठशीत. म्हणून आक्काचा रंगीत फोटो काढायचा आणि संगणकावर कृष्णधवल करताना, कुठला रंग किती घ्यायचा ते ठरवणाऱ्या चॅनेल मिक्सरमध्ये, निळा शंभर, लाल-हिरवा शून्य. चेहरा फारच काळवंडला तर हिरवा तीसपर्यंत चढवायचा, निळा तेवढा उतरवायचा. तू लगेच म्हणशील, लाल घे, कातडी नितळ दिसते. सुध्याच्या लग्नापासून तुझं तेच तुणतुणं आहे आणि ते तेव्हाही चुकीचंच होतं.

एक खोड मात्र आहे. निळ्या चॅनेलमध्ये दाणे सगळ्यात जास्त. म्हणून जेपेग नको, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, आयएसओ १००, आणि ओसरीवरचा पिवळा बल्ब बंद, त्याच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. सकाळी दहाला चौकातून सावलीचा मऊ उजेड येतो तो पुरे. एफ ८ आणि पाव सेकंद, स्टँडवरून, दोन सेकंदांच्या टायमरवर. पाव सेकंद मुद्दाम. जुन्या चेहऱ्यांवरचा तो दगडी शांतपणा स्थिर बसायच्या सक्तीतून आलेला आहे. स्टुडिओवाले मानेमागे लोखंडी आधार लावायचे. आक्काला उंच पाठीची खुर्ची देऊ. ती तोंड मिटून पाव सेकंद बसेल का, ही खरी तांत्रिक अडचण.

आता छपाई, माझी झोप उडवणारी. आजोबांचा फोटो ज्यांनी छापला ती चांदीची रसायनं बजेटमध्ये बसत नाहीत. उरतो सायनोटाइप, हर्शेलचा, १८४२ चा: लोखंडाची रसायनं कागदाला लावून सुकवायची, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, पाण्यात धुतलं की निळं चित्र. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत. दोन वेगळ्या तपकिरी बाटल्या. लावण्यापुरतंच समसमान मिसळायचं, ए-फोरला दोन्ही मिळून चार मिली, म्हणजे एवढ्यात पन्नासेक कागद निघतात. स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही, आणि फेरीसायनाइड तीव्र आम्लाजवळ न्यायचं नाही, विषारी वायू सुटतो. कागद सुती, हँडमेड, चुन्याची भर नसलेला. झेरॉक्सच्या कागदात ती असते आणि निळ्याला क्षार अजिबात चालत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही रंग विटतो; पहिल्या धुण्यात लिटरमागे चमचाभर व्हिनेगर टाकलं की भागतं.

निगेटिव्ह ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, नको. लेझरचा काळा विरळ पडतो, दोन शीट एकावर एक लावाव्या लागतात. त्यापेक्षा साध्या कागदावर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलेलं चित्र छापायचं, मागून कोमट खोबरेल तेल चोळायचं, रात्रभर टिपकागदात दाबून ठेवायचं. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला इंग्रज टॅल्बट आपल्या कागदी निगेटिव्हना मेण लावायचा, तोच प्रकार. उन्हात वेळ दुपटीहून जास्त लागतो, पण कागदाचे तंतू चित्रात उतरतात आणि डिजिटलची धार मरते. हा मऊपणा कुठल्याच बटणात नाही.

श्रावणात मात्र हे जमणार नाही. ऊन नाही, आणि दमट हवेत लावलेला कागद सुकत नाही, अंधारातही निळसर पडतो. म्हणजे फोटो आत्ता, छपाई ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी. गडद भाग राखाडी-ब्राँझ झाला की उचलायचा नाही, आणखी निम्मा वेळ ठेवायचा, कारण पुढे धुण्याचा सोडा थोडा रंग खाणार.

निळी आक्का भिंतीवर चालणार नाही. धुण्याचा सोडा, लिटरला एक चमचा, त्यात प्रिंट बुडवली की मिनिटभरात निळा पिवळा होतो. हलके भाग आधी जातात. गडद भाग अजून निळे असतानाच काढलं तर सावल्या निळ्या-काळ्या राहतात आणि बाकी तपकिरी होतं. मला तेच हवंय. मग दहा मिनिटं भरपूर पाणी, सोडा राहिला तर डाग पडतात. मग थंड केलेला कडक कोरा चहा, तासभर. चहातलं टॅनिन आणि कागदातलं लोखंड मिळून तपकिरी-काळा रंग होतो, पांढरा भागही सायीसारखा पिवळसर पडतो. दूध-साखर नको, हे तुला सांगितलेलं बरं.

पण चांदीचा तपकिरी आणि लोखंडाचा तपकिरी एका भिंतीवर शेजारी बसतील का? आक्का चष्मा लावूनही ओळखणार नाही. तू ओळखशील आणि दर दिवाळीला बोलून दाखवशील. दुसरं असं की, हा फारच चांगला जमला तर पन्नास वर्षांनी कोणीतरी तो आजोबांच्या काळातला म्हणून खपवेल. म्हणून मागे मऊ पेन्सिलने यंदाची तारीख आणि "चहात बुडवलेला" असं लिहिणार आहे. नंद्या म्हणतो, मग मजा काय राहिली? तुला काय वाटतं ते खरं खरं लिही.

वहिनींची बदली झाली का? चिनू पुण्यात रुळली असेल. गच्चीवरच्या गळतीचं पुढे काय झालं?

आणि हो, तुझ्याकडची ती जाड काचेची, मागून स्प्रिंगची कॉन्टॅक्ट फ्रेम, निगेटिव्ह कागदावर घट्ट दाबून धरणारी. माझीच आहे ती, तू नाही म्हणालास तरी. काचेला तडा नसेल तर सप्टेंबरात नंद्या पंचवटी एक्स्प्रेसने कल्याणवरून येईल तेव्हा त्याच्याकडे दे. वर्तमानपत्रात नको, जुन्या चादरीत गुंडाळ.

तुझा,
मध्या