लस होती, सिरम नव्हतं : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

साहेब, मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातला द्राक्ष बागायतदार. आपल्यामागं कामाचा व्याप मोठा आहे, तरी दहा मिनिटं मागतो.

गेल्या मंगळवारी सकाळी माझ्याबरोबर डेअरीत आलेल्या माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या गालाचा कुत्र्यानं लचका तोडला. तिथल्याच नळाखाली साबण लावून मी पंधरा मिनिटं जखम धुतली. ती किंचाळत होती. बाया म्हणत होत्या, "दादा, पुरे करा की आता." एकजण जखमेत भरायला चटणी घेऊन उभा होता. मी धूत राहिलो. माझ्या वाट्याचं मी केलं. आता तुमच्या वाट्याचं सांगतो.

सरकारी रुग्णालयाच्या दारात पाटी आहे, 'श्वानदंशावरील लस २४ तास मोफत'. लस मिळाली, दोन्ही दंडांवर. मग गाल बघून डॉक्टर म्हणाले, "हिला सिरम पण लागणार, ते आपल्याकडं नाही." कधी येणार? "मागणी पाठवलीय." त्यांना मी दोष देत नाही, रात्रपाळी संपवून ते तसेच उभे होते. वरच्या कार्यालयात फोन लावला, तर उत्तर आलं, "लस मिळाली ना? मग झालं."

नाही झालं, साहेब. लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी द्रव्यं, तयार करायला लागतं, पण त्याला सात ते चौदा दिवस जातात. रेबीजचा विषाणू तेवढा वेळ थांबत नाही. तो मज्जातंतूंतून मेंदूकडं सरकतो, आणि गालापासून मेंदू वीतभर अंतरावर. म्हणून घोड्याच्या नाहीतर माणसाच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं त्याच दिवशी जखमेच्या आत आणि भोवती टोचायची असतात. तेच सिरम. घोड्याचं सिरम किलोमागं ४० युनिट, माणसाचं २०. माझी लेक १७ किलोची. माणसाचं धरलं तर ३४० युनिट, म्हणजे अर्धा चमचा औषध.

त्या अर्ध्या चमच्यासाठी भावकीतल्या एकाची गाडी मागून मी तीन गावं हिंडलो. मिरजेत दुपारी चारला दोन बाटल्या मिळाल्या. आठ हजारांवर गेले, छाटणीच्या मजुरांसाठी ठेवलेले. फाटलेल्या गालात सुई घालताना तिचं डोकं मी दोन्ही गुडघ्यांत धरलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, मी गप बसते, त्यांना नको म्हणा." सात दिवस झाले, मला झोप नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत सगळे उपचार मोफत, हे तुमच्याच सरकारनं जाहीर केलं. औषधखरेदीला वेगळं प्राधिकरण त्याच वर्षी काढलं. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा, हा देशाचा कार्यक्रम. कशानं संपवणार? पाटीनं? पाश्चरनं नऊ वर्षांच्या पोराला रेबीजची पहिली लस दिली ती १८८५ साली. दुसऱ्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी रोग अडवता येतो, हे १८९० ला सिद्ध झालं. हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली ती १८९७ ला, मुंबईत. जगभर लस पुरवणारं पुणं आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. रेबीजवरची प्रतिपिंडं तिथं कारखान्यात तयार होतात. आणि आमच्या तालुक्याच्या फ्रीजमध्ये एक बाटली नाही! या रोगाची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, हे तुमच्या खात्याला मी सांगायचं?

माझ्याकडं निदान आठ हजार होते. ऊसतोडीला आलेली माणसं फडाशेजारी कोपीत पोरं घेऊन झोपतात. त्यांच्या पोराला कुत्रं चावलं तर लसीचं कार्ड हातात पडतं आणि ती परत फडात जातात. सिरम नावाचं काही असतं, हे त्यांना कोण सांगतं? ग्रामपंचायत म्हणते नसबंदीला तरतूद नाही. नगरपालिका म्हणते ते कुत्रं आमच्या हद्दीतलं नाही. कोंबडीवाल्यांचा कचरा रस्त्याकडेला पडतो, त्यावर टोळ्या पोसल्या जातात. इमारतीच्या उद्घाटनाला मात्र मंडपाचे पैसे कधी कमी पडलेले मी पाहिले नाहीत. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माझी आजी सांगायची, तेव्हा निदान दवाखान्यात गेल्यावर जे लागतं ते मिळायचं.

माझे आठ हजार परत नकोत. 'लस आहे' एवढ्यावर 'सगळं आहे' असं कागदावर लिहिणं थांबवा. सिरमच्या किती बाटल्या शिल्लक, ते रोज त्या पाटीवर लिहायला लावा. संपत आलं की रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून त्याच दिवशी विकत घ्यायची मुभा द्या, आणि नाही घेतलं तर कुणाला विचारायचं, त्याचं पद आणि फोन नंबर खाली लिहा.

आज तिचा तिसरा डोस झाला. सिरम द्यायचं तर पहिल्या डोसापासून सात दिवसांत. मी मागणीची वाट बघत बसलो असतो, तर ती मुदत आज संपली असती. मघाशी फ्रीज उघडून दाखवा म्हणालो. दाखवला. लस होती. सिरम अजून आलेलं नाही.

चौथा डोस २८ व्या दिवशी आहे. त्या दिवशी मी पुन्हा फ्रीज उघडायला लावणार आहे.

आपला,
एका पोरीचा बाप
जि. सांगली