रात्री जिना चढून वर आलेल्या लॅबच्या मॅडमना

मॅडम,

आई परवा घरी आली. वरणभाताचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "त्या लॅबवाल्या बाईंना कळव." म्हणून हे पत्र.

आधीच्या हॉस्पिटलात नऊ दिवस ताप होता. केमोनं पांढऱ्या पेशी पार तळाला गेलेल्या, औषधासाठी गळ्याखाली शिरेत नळी, म्हणजे लाईन, घातलेली. एक अँटिबायोटिक झालं की दुसरं, त्याहून भारी. ताप का हटत नाही विचारलं, तर "आम्हाला शिकवू नका." नऊ दिवसांत एकही डॉक्टर खाटेपाशी दोन मिनिटं थांबला नाही. हे मी विसरणार नाही.

तुमच्याकडे आणलं आणि दुसऱ्याच रात्री तुम्ही वर आलात. वॉर्डला फोन केलाच होतात, तुमचं काम तिथंच संपलं होतं. पण मी जिन्यात बसलोय हे सिस्टरनी सांगितलं, म्हणून आलात. "रक्तात बुरशी आहे" ऐकलं आणि माझे पाय गळाले. २०२१ साली काळ्या बुरशीनं शेजारच्या काकांचा डोळा गेलेला मी पाहिलाय. तुम्ही त्याच पायरीवर माझ्याशेजारी बसलात. मोबाईलवर स्लाइडचा फोटो दाखवलात: जांभळे ठिपके, काहींना कडेला बारीक कोंब फुटलेला.

"ही ती नव्हे. ही कॅन्डिडा. आपल्याच आतड्यात असते, अंगात ताकद असली की गप्प राहते. अँटिबायोटिकनं आजूबाजूचे जंतू मेले, हिला रान मोकळं मिळालं. औषध आहे हिच्यावर. आत्ताच सुरू होतंय."

नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला आईच्या अंगात काय चाललंय ते सांगितलं.

पुढे लाईन काढली, डोळे तपासले, रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) स्वच्छ आल्या दिवसापासून १४ दिवस मोजून औषध दिलं. वॉर्डच्या डॉक्टरांनी ते नेटानं केलं, त्यांचेही उपकार आहेत. पण डोळ्यांसमोर येते ती पायरीच. उठताना माझ्या हातातला गार झालेला चहा बघून म्हणालात, "दुसरा घ्या, आणि आईजवळ जाऊन बसा."

लॅबमधल्या माणसाला पेशंटचं तोंडही दिसत नाही. बाटलीवरच्या नंबरामागे कुणाची तरी आई आहे, हे रात्री दोन वाजता आठवणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

सोमवारी आईची ओपीडी आहे. तिला अजून जिना चढवत नाही, पण लॅब तळमजल्यालाच आहे. तिला तुम्हाला बघायचंय.