भांग म्हणजे गांजाच, असं "सगळ्यांना माहीत" असतं!

संपादक महोदय, नमस्कार.

गांजा पकडल्याच्या बातम्या आपल्या पेपरात सारख्या येतात म्हणून लिहितोय. एनडीपीएसच्या, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या केसेस चालतात तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं, "साहेब, हा गांजा आहे हे शेंबडं पोरगंही वासावरून सांगेल, त्यात सिद्ध काय करायचंय?" ऐकायला पटतं पण.

आता काही गोष्टी कोर्ट पुराव्याशिवाय मानतं हे खरंय. ज्युडिशियल नोटीस, म्हणजे न्यायिक दखल. आधी १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या ५६-५७ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ५१-५२ मध्ये आलंय. आणि ड्रग्जच्या केसमध्ये याचा उपयोगही होतो बरं का. एनडीपीएसच्या ४२ कलमाप्रमाणे सूर्यास्तानंतर वॉरंट नसताना कुणाच्या घरात झडतीला शिरायचं तर अधिकाऱ्याने कारणं लिहून ठेवावी लागतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पावणेसहाला रेड पडली तर मुंबईत अजून ऊन असतं, आमच्या नागपुरात मात्र सूर्य बुडून गेलेला असतो. यासाठी साक्षीदार कशाला, पंचांग उघडलं की झालं. अशा बाबतीत योग्य पुस्तक बघायला कायद्यानेच कोर्टाला मोकळीक दिलीय.

पण गोणीत काय आहे हे पंचांगात नसतं ना. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे, नुसती पानं आणि बिया सोबत शेंडे नसतील तर त्यात धरत नाहीत. आणि पंचनाम्यात काय लिहिलेलं असतं? "उग्र वासाचा हिरवट ओलसर गांजा, वजन २१ किलो", संपलं! काड्या किती, पानं किती, शेंडे होते की नव्हते, कुणी वेगळं करून बघितलं का, काही नाही. २० किलोपर्यंत जास्तीत जास्त १० वर्षं, त्याच्या वर गेलं की कमीत कमी १० वर्षं, आणि ३७ कलमामुळे जामीन मिळणं महाकठीण, म्हणजे एका किलोवर माणसाचं आयुष्य लटकतं. मुंबई हायकोर्टाने याच मुद्द्यावर काही जणांना जामीनही दिलाय.

बरं, सगळ्यांना माहीत असलेलं बरोबरच असतं असंही नाही. भांग आणि गांजा एकच असं कुणालाही विचारा, हो म्हणेल. पण नुसत्या पानांची भांग एनडीपीएसच्या व्याख्येत बसतच नाही, आपल्याकडे ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते. जज साहेबांना स्वतःला वास ओळखू येत असेल, येऊ दे, पण ती त्यांची वैयक्तिक माहिती झाली आणि त्यांची उलटतपासणी आरोपीच्या वकिलाने कशी घ्यायची?

कुणी म्हणेल आरोपी सुटावेत म्हणून हा आटापिटा. तसं नाही हो. सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीचा अहवाल नीट मागवा, सँपल मॅजिस्ट्रेटसमोर काढा, शेंड्यांचा उल्लेख करा, मग खुशाल शिक्षा द्या. आणि आपल्या वार्ताहरांनाही विनंती, "२१ किलो गांजा जप्त" छापण्याआधी वजन काड्यांसकट केलं का एवढं तरी पोलिसांना विचारत जा.

आपला,
एक वकील वाचक, नागपूर