कोबीचे फॉरवर्ड आणि फॅटी लिव्हर
संपादक साहेब,
कोबी-ब्रोकोली म्हणजे फॅटी लिव्हरवर रामबाण, असले फॉरवर्ड रोज येतायत म्हणून लिहितेय. २०२० साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी कोबी-फ्लॉवरमधलं इंडोल नावाचं रसायन (आपल्या आतड्यातले जिवाणूही ते बनवतात) उंदरांना दिलं तर लिव्हरमधली चरबी आणि सूज कमी झाली, चांगलंच आहे, पण उंदीर ते उंदीर, माणसांवर औषध म्हणून सिद्ध कुठं झालंय? आणि आपल्याकडे लग्नात कोबी म्हणजे मंचुरियन, मैद्यात घोळून लालभडक तळलेला, त्यात इंडोल शोधत बसा! डॉक्टर सांगतात वजन ७ ते १० टक्के उतरवा, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. ब्रोकोलीच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूलच्या जाहिराती तरी पेपरात घेऊ नका.
– एक वाचक, सांगली